फुलांनी लिहा आपलं नाव: देवनागरी अक्षर न मोडता फ्लोरल लेटरिंग कसं करायचं?

वाढदिवसाचा स्टेटस, हळदीकुंकवाचं आमंत्रण, बहिणीच्या मेहंदी पार्टीचा बॅनर किंवा नव्या दुकानाचा लोगो. फुलांनी भरलेली अक्षरं सगळीकडेच छान दिसतात. इंटरनेटवर याचे व्हिडिओ शोधले तर ढिगाने सापडतात, पण त्यातले बहुतेक इंग्रजी अक्षरांसाठी असतात. तीच पद्धत मराठी नावाला लावली की गडबड होते. रफार भलतीकडे जातो, वेलांटी फुलांत हरवते, काना आणि अक्षर एकमेकांत मिसळतात. फुलं सुंदर दिसतात, पण नाव वाचताच येत नाही.

दोष फुलांचा नसतो आणि सॉफ्टवेअरचाही दर वेळी नसतो. देवनागरी अक्षराची रचनाच वेगळी आहे, ती लक्षात घेऊन काम केलं की नाव सुंदरही दिसतं आणि वाचताही येतं. या लेखात आपण ‘शार्दूल’ हे नाव घेऊन दोन पद्धती बघू. पहिली मोबाईलवर अर्ध्या तासात होते. दुसरीला एक निवांत दुपार लागते, पण तिचा रिझल्ट वेगळाच असतो.

आधी एक टेस्ट: तुमचं ॲप मराठी नीट लिहितं का?

‘शार्दूल’ हे नाव मुद्दाम निवडलंय. यात रफार आहे, खाली दीर्घ ऊकार आहे, आणि मराठीत ज्यांचं वळण वेगळं आहे ते ‘श’ आणि ‘ल’ दोन्ही आहेत.

युनिकोडमध्ये हे नाव सात चिन्हांचं आहे: श, काना, र, हलन्त, द, दीर्घ ऊकार आणि ल. फाईलमध्ये ही सात चिन्हं एकामागे एक साठवलेली असतात. ‘र आणि हलन्त यांचा रफार करून तो पुढच्या द वर बसव’ हे काम स्क्रीनवर दाखवताना होतं. त्याला शेपिंग म्हणतात. फॉन्टमध्ये त्याचे नियम लिहिलेले असतात आणि ते नियम चालवणारं इंजिन ॲपमध्ये असावं लागतं. हार्फबझ हे असंच एक मोफत, ओपन सोर्स इंजिन आहे. अँड्रॉइड ते वापरतं आणि गिंप हे मोफत फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरही वापरतं.

ज्या ॲपमध्ये शेपिंग नीट होत नाही, तिथे रफाराऐवजी पाय मोडलेला र दिसतो. ‘कि’ लिहिल्यावर वेलांटी क च्या आधी येण्याऐवजी नंतर येते. म्हणून कुठलंही नवीन ॲप घेतलं की आधी ‘शार्दूल, श्री, किर्ती, ज्ञान’ एवढं लिहून बघा. हे चार शब्द नीट आले तर पुढे जा.

जुने डीटीपी फॉन्ट, उदाहरणार्थ कृतिदेव, शक्यतो टाळा. त्यात दिसतं मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. फॉन्ट बदलला की नावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं उरतात. या कामासाठी युनिकोड फॉन्टच घ्या.

देठाचा श, पाकळीचा ल

मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीतच लिहितात, पण ‘श’ आणि ‘ल’ यांची मराठी वळणं हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत. मराठीच्या प्रमाण वळणांना ‘देठयुक्त श’ आणि ‘पाकळीयुक्त ल’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही हीच वळणं आहेत. फुलांच्या अक्षरांसाठी याहून चांगली नावं कुठून मिळणार! ल च्या पाकळ्यांवर खरोखरच पाकळ्या बसवता येतात.

काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय मराठी वळण येत नाही. गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषा निवडायची सोय आहे, तिथे मराठी निवडून बघा. मोबाईल ॲपमध्ये सहसा अशी सोय नसते. तिथे ज्या फॉन्टमध्ये मुळातच मराठी वळण आहे तो निवडणं सोपं पडतं.

फॉन्ट कोणता घ्यायचा?

फुलं भरायची तर अक्षर जाड हवं, हे लगेच पटतं. पण फक्त जाडी पुरत नाही.

गूगल फॉन्ट्सवर ‘मोदक’ नावाचा गुबगुबीत देवनागरी फॉन्ट आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने बनवलेला. नुसत्या रंगात तो भारी दिसतो आणि पहिला मोह त्याचाच होतो. पण त्याच्या अक्षरांमधली मोकळी जागा अगदी बारीक रेघेएवढी असते. तिथे फुलांचा फोटो भरला की ती रेघ पाकळ्यांच्या सावल्यांमध्ये हरवून जाते आणि अक्षराचा गोळा होतो.

त्यापेक्षा एक टाइपचाच ‘बालू २’ घ्या आणि त्याचं एक्स्ट्रा बोल्ड वजन निवडा. तो जाड आहे, कडा गोलसर आहेत आणि द च्या पोटातली जागा मोकळी राहते. ‘मुक्ता’ एक्स्ट्रा बोल्डही चालेल. थोडा रंगवलेल्या पाटीचा बाज हवा असेल तर ‘यात्रा वन’ बघा. त्याची प्रेरणा रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आहे.

हे सगळे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. म्हणजे ते वापरून केलेलं आमंत्रण किंवा लोगो तुम्ही विकूही शकता. फक्त फॉन्टची फाईल तेवढी सुटी विकता येत नाही.

फुलांचे फोटो स्वतः काढा

सर्च करून सापडलेला फोटो मोफत असतोच असं नाही. झेंडू आणि शेवंती पावशेर आणल्या तरी दोन्ही पद्धतींना पुरतात, आणि फोटोवर हक्क तुमचाच राहतो. काढताना तीन गोष्टी पाळा.

उन्हात काढू नका. खिडकीजवळ किंवा गॅलरीतल्या सावलीत काढा. कडक उन्हात प्रत्येक फुलाची सावली एका बाजूला पडते. पुढे फूल फिरवलं की सावलीही फिरते आणि शेजारशेजारच्या दोन फुलांवर वेगवेगळ्या दिशेने ऊन पडल्यासारखं दिसतं.

झेंडूचा फोटो थोडा अंधारा काढा. गडद केशरी आणि लाल रंगात मोबाईलच्या कॅमेऱ्याचा लाल चॅनल पटकन भरून जातो. मग पाकळ्यांमधल्या रेषा जातात आणि फुलाच्या जागी नुसता केशरी ठिपका उरतो. फोकस करताना स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर किंचित खाली ओढा. उजेड नंतर वाढवता येतो, गेलेल्या पाकळ्या परत आणता येत नाहीत.

दोन प्रकारचे फोटो घ्या. एक, ताटात फुलं खच्चून भरून अगदी वरून काढलेला. दोन, साध्या एकरंगी कागदावर एकेक सुटं फूल. पांढऱ्या शेवंतीसाठी काळा किंवा निळा कागद घ्या, म्हणजे नंतर कापायला सोपं जातं.

पद्धत पहिली: अक्षराच्या खिडकीतून फुलं

या पद्धतीचा पाया आहे क्लिपिंग मास्क. जाड पुठ्ठ्यात अक्षर कोरलं आणि तो पुठ्ठा फुलांच्या ताटावर ठेवला तर फक्त अक्षराच्या आकारातली फुलं दिसतील. क्लिपिंग मास्क हेच करतो. खालच्या लेयरवर जिथे अक्षर आहे, तेवढ्याच भागात वरचा फोटो दिसतो. फोटो खरोखर कापला जात नाही, त्यामुळे नंतर तो सरकवता येतो, बदलताही येतो.

आपण फोटोपी वापरू. हे मोफत आहे, ब्राउझरमध्येच चालतं आणि त्याची मांडणी फोटोशॉपसारखी आहे, त्यामुळे इथे शिकलेलं तिथेही कामी येतं. उघडलेली फाईल तुमच्या डिव्हाइसवरच राहते. मोबाईलच्या स्क्रीनवर मेन्यू बारीक दिसतात, म्हणून फोन आडवा धरा.

१. नवीन फाईल घ्या, २००० × २००० पिक्सेलची आणि पारदर्शक बॅकग्राउंडची. ३०० डीपीआयने छापली तर ही साधारण साडेसहा इंच येते. स्टेटस आणि छोट्या कार्डाला एवढी पुरते. मोठा बॅनर करायचा असेल तर सुरुवातच मोठ्या आकाराने करा.

२. डाउनलोड केलेला फॉन्ट फोटोपीमध्ये लोड करा. फॉन्टच्या यादीतच त्याचं बटण असतं. मग टेक्स्ट टूलने ‘शार्दूल’ लिहा आणि फाईलच्या रुंदीत बसेल एवढं मोठं करा.

३. रफार आणि ऊकार जागेवर आहेत का ते आत्ताच बघा. नसतील तर अँड्रॉइडवरच्या पिक्सेललॅबसारख्या ॲपमध्ये नाव लिहून पारदर्शक पीएनजी बनवा आणि ते चित्र इथे आणा. क्लिपिंग मास्कला खाली टेक्स्टच असावं लागत नाही, अक्षराचं चित्रही चालतं.

४. फाईल मेन्यूतल्या ‘ओपन अँड प्लेस’ने ताटाचा फोटो आणा. लेयरच्या यादीत तो नावाच्या वर असायला हवा.

५. फोटोचा लेयर निवडून लेयर मेन्यूतून ‘क्लिपिंग मास्क’ करा. फुलं नावाच्या आकारात दिसू लागतील.

६. आता फोटो लहानमोठा करा. सगळा खेळ या पायरीत आहे, त्यामुळे घाई नको.

फुलाचा आकार आणि अक्षराची जाडी यांचं प्रमाण जमलं पाहिजे. फूल अक्षराच्या दांड्यापेक्षा मोठं असेल तर दिसतो फक्त पाकळ्यांचा तुकडा, आणि तो कशाचा आहे ते कळत नाही. फूल फारच लहान झालं तर लांबून नुसती खरखरीत केशरी पट्टी दिसते. मी साधारण असा हिशोब धरतो: दांड्याच्या जाडीत दीड ते दोन फुलं बसावीत. दांडा २०० पिक्सेल जाड असेल तर एक फूल १०० ते १३० पिक्सेलचं.

७. नावाच्या लेयरला लेयर स्टाइलमधून हलकी ड्रॉप शॅडो द्या. कडा अजूनही स्पष्ट नसतील तर दोनचार पिक्सेलचा गडद हिरवा स्ट्रोक द्या. सगळ्यात खाली एकरंगी बॅकग्राउंडचा लेयर टाका.

एवढंही करायचा कंटाळा असेल तर पिक्सेललॅबमध्ये टेक्स्टला ‘टेक्स्चर’ देता येतं. तिथे फुलांचा फोटो निवडला की काम झालं. कंट्रोल कमी मिळतो, पण घाईच्या स्टेटसला पुरेसा आहे.

पद्धत दुसरी: शिरोरेषेचं तोरण

पहिल्या पद्धतीत फुलं अक्षराच्या कडेला कापली जातात. खऱ्या फुलांच्या रांगोळीत असं होत नाही, तिथे प्रत्येक फूल पूर्ण असतं आणि कडा फुलांनीच तयार होते. तसं हवं असेल तर फुलं एकेक करून मांडावी लागतात.

इथे कंप्युटरची एक मर्यादा समजून घ्या. फॉन्टला अक्षराची फक्त बाहेरची कड माहीत असते. पेन कुठून सुरू झालं, कुठे वळलं, कुठे थांबलं, हे त्याला माहीत नसतं. म्हणून सॉफ्टवेअरला ‘अक्षरावर फुलं लाव’ सांगितलं की ते कडेकडेने फुलं लावतं आणि मधला भाग रिकामा ठेवतं. अक्षर लिहिण्याची वाट आपल्या हाताला माहीत असते, बालवाडीत पाटीवर गिरवलेली. ती वाट आपणच दाखवायची.

देवनागरीत या वाटेचा कणा म्हणजे शिरोरेषा. वहीत आपण आधी अक्षरं लिहितो आणि मग वर रेघ ओढतो. फुलांच्या बाबतीत उलट करा, आधी शिरोरेषा मांडा. दाराच्या तोरणाला जशी आधी आडवी माळ बांधतात आणि मग तिला लोंबते सर जोडतात, अगदी तसं. शिरोरेषा ठरली की फुलाचा आकार ठरतो आणि बाकीची अक्षरं तिला लटकतात.

मोबाईलवर हे असं करा.

१. नाव फिकट करड्या रंगात लिहून तो लेयर लॉक करा. हा फक्त गिरवण्यासाठी आहे.

२. सुट्या फुलाच्या फोटोत मॅजिक वाँडने कागदाचा रंग सिलेक्ट करा, सिलेक्शन उलटं करा आणि लेयर मास्क लावा. डिलीट करण्यापेक्षा मास्क बरा, कारण एखादी पाकळी चुकून गेली तर परत आणता येते. अशी तीनचार वेगवेगळी फुलं तयार ठेवा. एकच फूल पुन्हापुन्हा वापरलं की शिक्का मारल्यासारखं दिसतं.

३. शिरोरेषेवर झेंडू लावा. डुप्लिकेट करा, सरकवा, थोडं फिरवा. फुलं एकमेकांना किंचित झाकू द्या.

४. अक्षरांसाठी वेगळं फूल घ्या, समजा पांढरी शेवंती. रेघ केशरी आणि अक्षरं पांढरी असली की डोळा दोन्ही वेगळी वाचतो. पांढऱ्या फुलांना गडद बॅकग्राउंड द्या. गर्द हिरवा छान दिसतो.

५. रफार आणि ऊकार सगळ्यात शेवटी, आणि लहान फुलांनी. शिरोरेषेचाच झेंडू रफाराला वापरला तर तो तोरणातच मिसळून जातो आणि ‘शार्दूल’चा ‘शादूल’ होतो. तिथे अबोली किंवा कळ्या वापरा आणि रफार शिरोरेषेपासून थोडा वर उचला. हाच नियम अनुस्वाराला, मात्रेला आणि वेलांटीच्या वरच्या कमानीला.

६. सगळ्या फुलांचा एक ग्रुप करून त्याला एकच ड्रॉप शॅडो द्या. फोटो सावलीत काढलेले असले की ही सावली एका दिशेची आणि खरी वाटते.

कंप्युटर असेल तर गिंपमध्ये हे काम पटकन होतं. सुटं फूल आधी १५० ते २०० पिक्सेलपर्यंत लहान करून कॉपी करा. कॉपी केलेलं चित्र ब्रशच्या यादीत क्लिपबोर्ड ब्रश म्हणून आपोआप दिसतं, आणि तेही रंगासकट. पाथ टूलने अक्षराच्या मधोमध वाट काढा, मग एडिट मेन्यूतल्या ‘स्ट्रोक पाथ’मध्ये पेंट टूलचा पर्याय निवडून पेंटब्रश घ्या. त्याआधी ब्रशचं स्पेसिंग ९० ते १०० करून ठेवा. १०० म्हणजे फुलाला फूल जेमतेम टेकलेलं. स्पेसिंग कमी राहिलं तर फुलांऐवजी एक लांबलचक ओघळ दिसतो. माळ तयार झाली की वरून चारपाच वेगळी फुलं हाताने टाका, म्हणजे एकसारखेपणा मोडतो.

एआयला सांगितलं तर?

हा प्रश्न येणारच. एआयकडून फुलांची चित्रं मस्त मिळतात, पण देवनागरी अक्षरं बरेचदा चुकतात. जोडाक्षर भलतंच येतं, मात्रा गायब होते, कधी अक्षरासारखी दिसणारी पण अक्षर नसलेली आकृती येते. कुणाचं तरी नाव आपण लिहितोय, ते चुकलं तर सगळी मेहनत वाया. एआय वापरायचंच असेल तर त्याच्याकडून फक्त ताटभर फुलांचं चित्र घ्या आणि अक्षर फॉन्टमधून आणा. म्हणजे पहिल्या पद्धतीत स्वतःच्या फोटोच्या जागी ते चित्र येईल, बाकी सगळं तसंच.

पाठवण्याआधी

वाचनाची टेस्ट: स्क्रीनवर चित्र अंगठ्याच्या नखाएवढं लहान करा. व्हॉट्सॲपच्या डीपीत साधारण तेवढंच दिसतं. नाव वाचता येतंय का? मग चित्राची एक कॉपी ब्लॅक अँड व्हाइट करा. तरीही वाचता येत असेल तर काम पक्कं. नसेल तर फुलं आणि बॅकग्राउंड यांचा उजेड सारखाच झालाय. केशरी आणि हिरवा हे रंग म्हणून वेगळे असले तरी करड्या छटेत कधीकधी एकसारखेच दिसतात. बॅकग्राउंड आणखी गडद करा. शेवटी, ज्याला हे नाव माहीत नाही अशा कुणाला तरी दाखवा. आपल्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे आपण नेहमीच बरोबर वाचतो.

फाईल: पारदर्शक बॅकग्राउंड ठेवायचं असेल तर पीएनजी करा. जेपीजीमध्ये पारदर्शकता राहत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं, म्हणून छपाईवाल्याला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्टिकर करायचा असेल तर ५१२ × ५१२ पिक्सेलची वेबपी फाईल लागते आणि ती १०० केबीच्या आत बसावी लागते. तिथे कमी आणि मोठी फुलं बरी.

आणि फोटोपीचा टॅब बंद करण्याआधी पीएसडी फाईल सेव्ह करा. ती तुमच्याच डिव्हाइसवर साठवावी लागते, नाहीतर सगळे लेयर गेले. पीएसडी जवळ असेल तर शार्दूलनंतर पुढच्या वाढदिवसाला फक्त नाव बदलायचं. टेक्स्टच्या लेयरवर नवीन नाव लिहिलं की तीच फुलं नव्या अक्षरांत जाऊन बसतात.

सुरुवात स्वतःच्या नावाने करा. त्यात जोडाक्षर, रफार किंवा वेलांटी असेल तर उत्तमच. एकदा ते जमलं की पुढचं कुठलंही नाव अडणार नाही.